गाडीचा रंग बिघडतो तो बहुतेक पुसतानाच

नवी गाडी घरी आली तेव्हा पहिला महिनाभर मी रोज सकाळी तिच्यावरून फडकं फिरवत असे. फडकं सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं. धूळही पातळच, बोट फिरवलं तर जेमतेम रेघ उमटेल एवढी. जोर लावून कधी पुसलं नाही. मग एका संध्याकाळी बोनेटवर तिरपं ऊन पडलं. सूर्याचं प्रतिबिंब त्यात लखलखत होतं आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसत होत्या. मी दोन पावलं बाजूला सरकलो, तर जाळंही प्रतिबिंबाबरोबर सरकलं. गाडी काळी, त्यामुळे काहीच लपत नव्हतं. महिनाभर वापरलेल्या गाडीवर हजारो चरे, आणि ते सगळे माझ्याच हातून पडलेले.

नव्या गाडीच्या रंगाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो ‘कोटिंग कोणतं करून घेऊ?’ असा. तो प्रश्न खरं तर बराच पुढचा आहे. रंग म्हणजे नेमकं काय, किती जाड, आणि तो कशामुळे जातो हे एकदा कळलं की निम्मे निर्णय आपोआप होतात.

दोन केसांएवढ्या जाडीत चार थर

पत्रा सोडला तर कारखान्यातून आलेल्या गाडीवरच्या सगळ्या रंगाची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर दोन केस एकावर एक ठेवल्यावर होईल तेवढी ही जाडी. एवढ्यात चार थर बसवलेले असतात. गाडीचा पूर्ण सांगाडा रंगाच्या द्रावणात बुडवून विजेच्या साहाय्याने पत्र्यावर पहिला थर चढवतात, तो गंजापासून राखणारा. त्यावर प्रायमर, जो पृष्ठभाग सपाट करतो आणि दगडांचा मार थोडा झेलतो. त्यावर आपण ज्याला ‘रंग’ म्हणतो तो थर. लाल, निळा, चंदेरी जो काही असेल तो. आणि हा थर सगळ्यांत पातळ असतो, १५-२० मायक्रॉनच्या आसपास. सर्वांत वर क्लिअर कोट. हा रंगहीन, पारदर्शक, ३५ ते ५० मायक्रॉनचा.

आपण हात लावतो, धुतो, पुसतो, पॉलिश करतो ते सगळं या क्लिअर कोटवर. चमक त्याचीच असते. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी रसायनंही त्याच्यातच मिसळलेली असतात. ही पद्धत १९८० च्या दशकात सर्रास रूढ झाली. त्याआधी रंग आणि चमक एकाच थरात असायची. जुनी गाडी पॉलिश केली की फडक्याला तिचा रंग लागायचा तो त्यामुळे. आता फडक्याला रंग लागला, तर क्लिअर कोट संपून आपण खालच्या थराला पोचलो, असं समजावं. तो पॅनेल, म्हणजे दार, बोनेट असा जो भाग असेल तो, मग पुन्हा रंगवण्याशिवाय इलाज नाही.

चरा बरा करता येतो, पण चरा भरून येत नाही. पॉलिश म्हणजे चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणणं. दर पॉलिशला एक-दोन मायक्रॉन किंवा अधिक जातात, आणि मिळालेली पुंजी ठरलेली आहे. म्हणून ‘चरे पडले तर काढून घेऊ’ हा हिशेब पाच-सात वर्षं गाडी वापरणाऱ्याला परवडत नाही.

आता माझ्या बोनेटवरच्या जाळ्याबद्दल. चरे गोल नव्हतेच. ते सगळीकडे, सगळ्या दिशांनी पडलेले असतात. पण प्रकाशाच्या वाटेत आडवे येतात तेवढेच चरे चमकून डोळ्यांकडे परततात, बाकीचे दिसत नाहीत. त्या आडव्या तुकड्यांची मिळून दिव्याभोवती गोल नक्षी तयार होते आणि आपण सरकलो की तीही सरकते. त्यामुळे हे चरे सावलीत दिसत नाहीत, आणि शोरूमच्या पसरट पांढऱ्या उजेडातही नाही. मोबाइलचा टॉर्च रंगाजवळ धरला की लगेच दिसतात.

आणि ते पडले कशाने? फडकं मऊ होतं, पण धूळ मऊ नव्हती. धुळीत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. मोहच्या कठीणपणाच्या १ ते १० अशा मापात क्वार्ट्झ ७ वर येतो. काचेवर आणि साध्या पोलादावर तो चरा उमटवतो. क्लिअर कोट शेवटी प्लॅस्टिकच्या जातीचा थर, त्याची काय कथा. कोरडं फडकं या कणांना पकडतं आणि रंगावरून ओढत नेतं. लांब दांड्याचे झुपकेदार डस्टरही हेच करतात, फक्त जरा हलक्या हाताने. धुळकट गाडी कोरडी पुसू नये, हे एकच पथ्य पाळलं तरी रंगाचं अर्धं आयुष्य वाचतं असं माझं ठाम मत आहे. धूळ चढलेली गाडी दोन दिवस तशीच उभी राहिली तर रंगाचं काहीही बिघडत नाही. जे बिघडतं ते पुसताना.

धुण्याचं खरं काम पाण्याने करायचं

हात लागण्यापूर्वी जेवढी माती निघून जाईल तेवढी काढायची, हे धुण्याचं सूत्र. म्हणून आधी नुसत्या पाण्याचा भरपूर मारा, वरून खाली. प्रेशर वॉशर असेल तर नोझल फूटभर तरी लांब धरावं. जिथे दगड लागून रंगाचा टवका उडाला असेल तिथे जवळून मारलेली धार कडेखाली शिरते आणि टवका मोठा करते. फोम मारायची सोय असेल तर फोम पाच मिनिटं राहू द्यावा, वाळू देऊ नये, आणि धुऊन काढावा. फोममुळे चिकटलेली माती सैल होते आणि त्यातली बरीच पाण्याबरोबर निघून जाते. एवढं झाल्यावर मगच हात लावायचा.

हात लावताना दोन बादल्या घ्याव्यात. एकीत कार शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मिट, म्हणजे हातात घालायचा धुण्याचा मऊ मोजा, शाम्पूच्या बादलीत बुडवायचा, एक पॅनेल धुवायचा, मग तो साध्या पाण्यात खळबळून माती सोडवायची आणि पुन्हा शाम्पूत. एकाच बादलीत काम केलं तर पहिल्या पॅनेलवरची माती दुसऱ्या पॅनेलवर घासली जाते, आणि शेवटच्या दारापर्यंत आपण चिखलपाण्यानेच गाडी घासत असतो. बादलीच्या तळाशी जाळी टाकली की खाली बसलेली वाळू पुन्हा वर येत नाही. मला हे सगळं आधी जास्तीचं वाटायचं. पहिल्यांदा दोन बादल्या वापरून पाहिल्या आणि शेवटी साध्या पाण्याच्या बादलीचा तळ पाहिला. बोटांना चरचरीत लागणारी वाळू होती तिथे, चमचाभर तरी. दर धुण्याला ती आजवर कुठे जात होती हे वेगळं सांगायला नको.

धुवायचं छतापासून खाली. दारांचा खालचा भाग, बंपर आणि चाकांच्या आसपासची जागा सर्वांत शेवटी, कारण खरी माती तिथेच साठते. चाकांसाठी मिट आणि बादली पूर्ण वेगळी ठेवावी. ब्रेकपॅड झिजून उडालेली लोखंडाची पूड चाकांवर असते. ती मिटमध्ये अडकली आणि तोच मिट बोनेटवर गेला, तर सँडपेपर फिरवल्यासारखंच. हात गोल गोल फिरवू नये, सरळ न्यावा. गोल फिरवण्याने चरे जास्त पडतात असं नाही, पण सरळ चरा एकाच कोनातून दिसतो आणि गोल चरा सगळीकडून.

शाम्पू गाडीचाच असावा, पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा, असेल तर उत्तम. भांडी घासण्याचा साबण एकदा वापरल्याने रंग खराब होत नाही, पण तो तेलकट थर काढण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे रंगावर लावलेलं वॅक्सही तो काढून नेतो. कपड्यांची पावडर मात्र अजिबात नको. तिचे नीट न विरघळलेले दाणे रंगावर घासले जातात.

ऊन टाळावं. उन्हात तापलेल्या पत्र्यावर पाणी आणि शाम्पू आपण पोचण्याआधीच वाळतात. पाणी उडून जातं, पण त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात आणि पांढरे गोल डाग पडतात. बोअरचं जड पाणी असेल तर हा त्रास फारच. डाग ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून ओल्या फडक्याने मिनिटभर लावावं आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावं. जुने डाग क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडून बसलेले असतात, ते पॉलिशशिवाय निघत नाहीत. म्हणून गाडी धुऊन तशीच वाळत ठेवणं ही बचत नाही.

कोरडी करायला जाड, लोकरट मायक्रोफायबरचा टॉवेल लागतो. तो पसरायचा, टेकवायचा, उचलायचा, नाहीतर स्वतःच्या वजनाने हलकेच ओढायचा. मायक्रोफायबरचे धागे चिरलेले असतात, त्यांच्या फटींत पाणी आणि कण ओढले जातात. म्हणून तो सुती फडक्यापेक्षा बरा. पण त्याचीही पथ्यं आहेत. कपडे मऊ करणारं कंडिशनर लावून धुतला की फटी बुजतात आणि टॉवेल पाणी नुसतं इकडून तिकडे ढकलतो. कडेला शिवलेलं नायलॉनचं लेबल आधी कापून टाकावं. आणि टॉवेल जमिनीवर पडला, तर झटकून पुन्हा गाडीला लावायचा नाही. त्या दिवसापुरता तो बाद.

फिरत्या ब्रशांच्या स्वयंचलित धुलाईबद्दल थोडक्यात: आपल्या आधीच्या दहा गाड्यांची वाळू त्या ब्रशांत असते. ब्रशाचा स्पर्श नसलेली, नुसत्या फवाऱ्याची धुलाई असेल तर हरकत नाही.

जिथे थांबून चालत नाही

धूळ थांबू शकते. पक्ष्यांची विष्ठा, मेलेले किडे आणि झाडाचा चीक थांबू शकत नाहीत. पक्ष्यांच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. पण नुसतं आम्ल हेच कारण नाही. गडद रंगाच्या गाडीचा पत्रा कडक उन्हात ६०-७० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, क्लिअर कोट किंचित मऊ होऊन पसरतो. संध्याकाळी तो गार होऊन आक्रसतो तो वाळलेल्या विष्ठेच्या खडबडीत अंगाला धरूनच. डाग धुऊन काढल्यावरही तिथे निस्तेज ठसा राहतो तो असा. उन्हाळ्यात हे एका दिवसात होऊ शकतं.

काढायची रीत अशी. खरवडायचं नाही, नखाने तर नाहीच. पक्ष्याच्या पोटातून आलेले बिया आणि खडे त्यात असतात. टिश्यू किंवा मायक्रोफायबर पाण्याने चिंब भिजवून त्या जागेवर ठेवून द्यावं, दहा मिनिटं. विष्ठा फुगून मऊ होते. मग कागद चिमटीत धरून, दाबून, घाण आत गुंडाळत सरळ वर उचलावा. उरलेलं पुन्हा भिजवून तसंच काढावं. गाडीत पाण्याची बाटली आणि दोन फडकी कायम ठेवली की रंगाचा हा मोठा शत्रू आटोक्यात येतो. पेट्रोल भरताना झाकणाखाली ओघळलेला थेंब तिथल्या तिथे टिपावा. ब्रेक ऑइल सांडलं तर सगळी कामं सोडून पाणी ओतावं, ते रंग खरोखर उचकटून काढतं.

कव्हरचं काय? स्वच्छ, कोरड्या गाडीवर, आत, बंदिस्त जागेत घातलं तर छान. धुळकट गाडीवर घातलं आणि वाऱ्याने फडफडलं, तर तेच कोरड्या फडक्याचं काम दिवसभर चालू राहतं. हवा न खेळणारं प्लॅस्टिकचं कव्हर ओल्या गाडीवर घातलं तर आत वाफ कोंडते. झाडाखालच्या जागेपेक्षा साधी शेड कधीही बरी.

वॅक्स, सिरॅमिक आणि फिल्म: कोण काय करतं

आधी एक गैरसमज. ‘नव्या गाडीला तीन महिने वॅक्स लावू नका, रंग अजून ओला असतो’ हा सल्ला सर्रास मिळतो. कारखान्यात क्लिअर कोट साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजून निघतो. गाडी बाहेर पडते तेव्हा तो पक्का झालेला असतो, पहिल्या दिवशी वॅक्स लावलं तरी चालतं. थांबायचं असतं ते गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या पॅनेलसाठी. तिथे भट्टी ६० अंशांच्या आसपास असते, कारण गाडीत वायरिंग, रबर, प्लॅस्टिक सगळं बसवलेलं असतं. त्या रंगातले द्रावक पुढे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतात. तिथे रंग बनवणाऱ्याने दिलेली मुदत पाळावी.

वॅक्स म्हणजे मुख्यतः कार्नौबा, ब्राझीलमध्ये वाढणाऱ्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. दिसायला फार सुंदर, काळ्या-लाल रंगांवर खोली आणतं, पण काही आठवड्यांत उतरतं. सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाऐवजी कृत्रिम रसायनांचे लेप, काही महिने टिकतात. दोन्ही घरी लावता येतात. दोन्हींचं काम एकच: आम्ल, क्षार, चीक यांनी आधी या थराला खावं, क्लिअर कोटला नंतर.

सिरॅमिक कोटिंग वेगळं आहे. सिलिकाच्या जातीचं हे रसायन रंगावर पक्कं धरून बसतं आणि वर्ष-दोन वर्षं, चांगलं असेल तर जास्तही राहतं. पाणी मण्यांसारखं ओघळतं, माती कमी चिकटते, धुणं सोपं होतं, म्हणजे हात कमी लावावा लागतो; त्याचा खरा फायदा मला हाच वाटतो. पण त्याची जाडी एक-दोन मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी असते. तेवढ्या थराने दगड अडणार नाही, किल्लीचा चरा अडणार नाही. जाहिरातीतलं ‘९एच’ ऐकून लोक फसतात. हे मोहचं माप नव्हे. पेन्सिल-चाचणीतली ही सर्वांत कठीण पेन्सिल आहे. त्या पेन्सिलीने ओरखडा उठला नाही एवढाच त्याचा अर्थ, क्वार्ट्झच्या कणाशी त्याचा संबंध नाही. आणखी एक गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही. पाण्याचे मणी उन्हात जागच्या जागी वाळले तर क्षारांचे डाग कोटिंगवरही पडतात, आणि ठळक पडतात. कोटिंग केलेली गाडीही टिपून कोरडी करावीच लागते.

कोटिंगच्या आधी रंग स्वच्छ आणि बिनचऱ्यांचा हवा, कारण खाली जे असेल ते वर्षानुवर्षं झाकून राहतं. नवी गाडीही त्याला अपवाद नाही. रेल्वेने, ट्रकने, उघड्या आवारात उभी राहून आलेल्या गाडीवर लोखंडाचे सूक्ष्म कण रुतलेले असतात. पांढऱ्या गाडीवर ते नारिंगी ठिपके होऊन दिसतात. धुतल्यावर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून ओल्या बोनेटवरून बोटं फिरवावीत. काचेसारखं गुळगुळीत लागलं तर ठीक, चरचरलं तर कण आहेत. लोखंड विरघळवणारा फवारा मारला की जांभळे ओघळ येतात, वास उग्र असतो. राहिलेले कण भरपूर शाम्पूच्या पाण्यावर क्ले बार, म्हणजे कण उचलून घेणारी मऊ मातीसारखी वडी, सरकवून निघतात. क्ले खाली पडला तर फेकून द्यायचा, तो पुन्हा वापरायचा नाही.

दगडांना उत्तर एकच, पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. ही १५० ते २०० मायक्रॉनची, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा जाड. अशा फिल्मचा जन्म व्हिएतनाम युद्धाच्या काळात झाला; हेलिकॉप्टरची पाती वाळूने झिजू नयेत म्हणून ती चिकटवत. आजच्या चांगल्या फिल्मवरचे बारीक चरे उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उबेने मिटतात. पूर्ण गाडीला लावणं महागडं काम आहे. महामार्गावर सतत फिरणाऱ्याने पुढचा बंपर, बोनेट, आरसे आणि दारांच्या कडा एवढ्यांनाच लावली तरी पुष्कळ. आधी पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर मात्र जपून. काढताना फिल्मबरोबर रंगही सुटून येऊ शकतो.

मॅट, म्हणजे चमक नसलेल्या रंगाच्या गाड्यांना यातलं बरंचसं लागू नाही. मॅटला पॉलिश आणि साधं वॅक्स वर्ज्य, घासलेली जागा चमकायला लागते आणि तो चकाकता डाग परत मॅट होत नाही.

गाडी ताब्यात घ्यायची असेल अजून, तर विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावं की धुऊ नका, पॉलिश करू नका, मी धुऊन घेईन. घाईत, एका फडक्याने पन्नास गाड्या पुसणाऱ्या हातांनी पहिलं जाळं तिथेच पडतं. पत्र्यावर वाहतुकीची संरक्षक फिल्म असेल तर ती मात्र लगेच काढायला लावावी, उन्हात राहिली की तिच्या कडांचे ठसे उमटतात.

टवका उडालाच तर

चऱ्यावरून नख फिरवून पाहावं. नख अडकत नसेल तर चरा क्लिअर कोटमध्येच आहे, बारीक पॉलिशने जाईल. नख ठेचकाळत असेल तर पॉलिशच्या मागे लागू नये, खाली जायला तेवढा थरच नाही. आणि टवक्याच्या तळाशी पत्रा दिसत असेल तर दिरंगाई नको. पत्र्याला जस्ताचा मुलामा असेल तर गंज उशिरा येतो, पण येतो, आणि तो रंगाखालून पसरतो. वरून दिसणारा फुगवटा हा त्याचा शेवटचा टप्पा.

टच-अप रंग गाडीच्या कलर कोडनेच घ्यावा. तो बहुधा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा बोनेटखाली लिहिलेला असतो. ‘चंदेरी’ म्हणून आणलेला रंग हमखास वेगळा दिसतो. टवका अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडा करावा. पत्रा उघडा असेल तर आधी प्रायमरचा ठिपका. बाटलीच्या झाकणाला येणारा ब्रश अशा कामाला फार जाड असतो, त्याने रंग टवक्याबाहेर पसरतो. टूथपिकच्या टोकावर थेंब घ्यावा आणि खड्ड्याच्या मध्यभागी टेकवावा, तो आपोआप कडांपर्यंत जातो. सुकताना रंग आक्रसतो, त्यामुळे सकाळी भरलेला खड्डा संध्याकाळी पुन्हा खोलगट दिसेल. तेव्हा दुसरा थेंब. रंग कडेच्या किंचित खाली थांबवावा आणि शेवटचा थेंब क्लिअरचा द्यावा. त्या जागेला पुढचे काही आठवडे वॅक्स लावू नये.